दोन छटा सावळं

दुकानातल्या पोरीने धाकटीच्या गालावर तिसरं फाउंडेशन लावून बघितलं आणि हसायलाच लागली.

"ताई, उजळ रंग विकण्यात माझी हयात गेली. स्वतःहून सावळं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"अगदी हलकं दे. थापल्यासारखं दिसायला नको, रोज लावायचंय," धाकटी म्हणाली. त्यावरून फिरवायला त्याच रंगाची कॉम्पॅक्ट पावडरही तिने घेतली.

थोरली अपघातात जाऊन आठ दिवस झाले होते. आई परगावी इस्पितळात, हृदयाच्या ऑपरेशनची वाट बघत पडलेली. एवढ्यात तिच्या कानावर काही घालू नका, ती धक्क्याने जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघी बहिणींचे नाकडोळे आणि आवाज एकाच साच्यातले, फरक तेवढा रंगाचा. थोरली आईवर गेलेली, धाकटी घर सोडून गेलेल्या बापावर.

घरी येऊन धाकटीने पार गळ्यापर्यंत सावळं लावलं, थोरलीचा चष्मा चढवला आणि आईला व्हिडिओ कॉल केला. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, जीभ मात्र शाबूत होती.

"आलीस का गं थोरले? आठ दिवस कुठं मेली होतीस?"

"कामात होते, आई." धाकटी जरा घुटमळली. "धाकटीला बोलावू का? तीही आलीय."

"राहू दे तिला. तिचं तोंड बघून मला काय मिळायचंय? तू तेवढी रोज दिसत जा, म्हणजे मी जगेन."