येणार नसशील तरच कळव

दादाचं पत्र आलं होतं, "गुहेच्या दर्शनाला मी पुढे जातो, तू मागून ये. येणार नसशील तरच कळव." आयुष्यभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासणाऱ्या धाकट्याला नकार लिहिणं जिवावर आलं. त्याने चार कागद फाडले आणि उत्तर राहूनच गेलं.

पंधरा दिवसांनी तो डोंगराच्या पायथ्याशी दादाचा देह ताब्यात घ्यायला उभा होता.

"बर्फ पडू लागला तसे सगळे उतरले," हमाल सांगत होता. "बाबा काही गुहेतून हलेनात. म्हणाले, 'धाकटा येतोय. गोगलगाय आहे लेकाचा, पण येणार नसता तर कळवलं असतं त्याने.'"



धाकट्याने तिथेच एक कार्ड घेतलं, "दादा, मला जमणार नाही, वाट पाहू नकोस," एवढंच लिहिलं आणि दादाचा पत्ता घालून पेटीत टाकलं.