पेटीतला दोष

ह्यांनी करवत उचलली, तशी मी भाजी चिरायची थांबले. स्वतःच्या हातांनी बांधलेली स्पीकरची पेटी हे आता स्वतःच कापायला निघाले होते.

"क्रॉसओव्हर बदलला, डॅम्पिंग वाढवलं, तरी आत काहीतरी सैल वाजतंच आहे!"

महिनाभर हे पुराण ऐकून माझाही अभ्यास झाला होता. वूफर म्हणजे घरातला थोरला, जाड्या आवाजाचा. ट्विटर म्हणजे किरकिरी धाकटी. क्रॉसओव्हर म्हणजे कोणी कुठला सूर लावायचा ते दोघांना वाटून देणारा मामा. आणि डॅम्पिंग म्हणजे माझी उशी. पेटीची थरथर शोषायला तिच्यातला सगळा कापूस आत गेला होता.

"एकदा मला समोर बसून ऐकू द्या, मग खुशाल कापा," मी म्हटलं.

ह्यांनी चाचणीची नेहमीची कॅसेट लावली. हे मला बघायला आले होते, तेव्हा माझ्या दादाने टेप केलेलं माझं गाणं.

"हे बघ, इथे वाजलं!" हे ओरडले.

मला हसू आवरेना. "अहो, त्या माझ्या बांगड्या! मांडीवर ताल धरला होता मी. जुन्या टेपरेकॉर्डरवर कधी ऐकूच आल्या नाहीत. आणि तुम्ही महिनाभर त्यांनाच गप्प करताय?"

ह्यांनी करवत ठेवली, कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. मग पेटीची मागची फळी खोलली, आणि ऐकता ऐकता मूठमूठ कापूस माझ्या उशीत भरू लागले.