बोरवाडीचे पथ्य

"पुढचा पाय," डॉक्टर जलाल कागदी म्हणाले.

पुढचा पाय पुढे आला. काळा, भेगाळलेला, धुळीने माखलेला आणि ठणठणीत. घोट्यावर फोड नाही, पोटरीला सूज नाही. बोरवाडीच्या चावडीपुढे, लिंबाच्या विरळ सावलीत, सकाळपासून अख्खी वाडी पाय दाखवून गेली होती. एकाही पायात नारूचा दोऱ्यासारखा जंत नव्हता.

जुन्नरहून सोबत आणलेला चांद फोटोवाला कॅमेऱ्यावरचे काळे फडके पुन्हा पुन्हा झटकत होता. "जलालभाई, फोटो कशाचा काढू? सगळे पाय वरातीला निघाल्यासारखे दिसतायत!"

डॉक्टरांना हसू आले नाही. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जुन्नरात कागद केला. त्यावर लोकांनी सनदा लिहिल्या, खलिते लिहिले. करणाऱ्याचे नाव त्यावर कधी उमटले नाही. ते आता छापून येणार होते. ओल्या पट्टीने जखम मऊ करून, नारू तुटू न देता काडीवर गुंडाळून काढण्याची त्यांची रीत मुंबईच्या एका आरोग्य-संशोधन प्रकाशनाच्या पसंतीस उतरली होती. लेख त्यांनी कितीदा तरी उतरवून काढला, तक्ते आखले, समास मोकळा सोडला. संपादकांनी तो परत पाठवून एवढेच मागितले होते: आणखी एका उन्हाळ्याचे रोगी आणि एक छायाचित्र. पावसाळ्यापूर्वी ते पोचले नाही, तर लेख यंदा छापता येणार नव्हता.

उन्हाळा ऐन भरात होता. बारवेच्या तळाशी आभाळाचा चतकोर तुकडा तेवढा उरला होता. गेल्या वर्षी याच दिवसांत दाराआडून कण्हणे ऐकू यायचे. यंदा माणसे धडधाकट पायांनी हिंडत होती, आणि मनाला न विचारताच डॉक्टरांना ती कृतघ्न वाटत होती.

"न्हाईच का कुनी घावलं?" चिमाजी पाटलांनी विचारले. ओशाळलेल्या यजमानाचा चेहरा झाला होता त्यांचा. "पावणं जेवाय यावं आन् चूल थंड असावी, तसं झालं राव."

"पाटील, तुम्ही आजारी पडला नाहीत, यात लाजायचं काय?" डॉक्टर म्हणाले. आवाज मात्र पडला होता.

पाटील चार माणसांना घेऊन लिंबाआड गेले. थोडी कुजबुज झाली, कुणीतरी कुणाला कोपराने ढोसले, आणि ते छाती काढून परत आले. "डागदर, ठरलं आमचं. आमी पाच जण आजपसनं पानी न गाळता पितो. नारू वरसानं भाईर येतो. म्होरल्या उन्हाळ्यात पाय तयार! तुमचा मुंबैवाला तेवढा दम धरंल न्हवं?"

डॉक्टर उठून उभे राहिले. "न गाळता? म्हणजे सध्या गाळून पिता?"

"अवं, पथ्यच हाय न्हवं त्ये!" पायरीवरून साळुबाई म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात वाडीतला पहिला नारू डॉक्टरांनी तिच्याच पायातून काढला होता. त्यांना सारे आठवले. पाणी गाळून प्या, हे याच चावडीत त्यांनी वर्षानुवर्षे सांगितले होते. तक्ते टांगले होते, बारवेच्या पाण्यातले नारू पसरवणारे किडे भिंगाखाली दाखवले होते. वाडीने माना डोलावल्या आणि घागरी तशाच भरल्या. मात्र पट्टी सोडायच्या दिवशी साळुबाई अडून बसली होती. औषध दिलेत, पथ्य कुठे आहे? पथ्यावाचून गुण कसा येईल? वांगे वर्ज्य सांगावे की ताक, हे न सुचून डॉक्टर वैतागाने बोलून गेले होते: लुगड्याची दुहेरी घडी, पाणी गाळून, वर्षभर. मग ज्याला त्याला तेच पथ्य लागले. घरात रांजण एकच. एकाने पथ्य धरले की सारे घर गाळलेले पाणी पिई. आणि गेल्या साली औषध न घेतलेले घर वाडीत उरले नव्हते.

"वरीस सरलं," साळुबाई म्हणाली. "गाळू गाळू हात भरून येत्यात. बाया रोज माझं डोस्कं खात्यात. आज तुमच्या तोंडानं सांगा, पथ्य सुटलं का?"

सगळी वाडी डॉक्टरांकडे पाहू लागली. एक 'हो' पुरेसा होता. पुढच्या उन्हाळ्यात तक्ते भरले असते, छायाचित्र मिळाले असते, आणि दोष कुणाच्याच माथी लागला नसता. लिंबाचे एक पिवळे पान गिरक्या घेत खाली आले.

"नाही सुटलं," ते म्हणाले. "जन्माचं आहे."

बायकांत कुरकुर उठली. पण तिच्यात थोडी ऐटही होती. "लई जालीम औषध असनार बया!" मागून कुणीतरी म्हणाली.

आणि डॉक्टर एकाएकी हसू लागले. जे समजावून पटले नाही ते पथ्य म्हणून पाळले गेले. हे मुंबईत कुणाला ठाऊक होते? त्यांनी पिशवीतून लेख काढला. नियमाप्रमाणे तो कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेला होता. त्यांनी गठ्ठा उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि लेखणीचे टोपण उघडले.

"चांद, काढ फोटो! हेच पाय, सगळे एका ओळीत." मग ते साळुबाईकडे वळले. "मावशी, जेवणाआधी हात धुणं, देवी टोचून घेणं, बाळंतिणीच्या खोलीत उजेड ठेवणं... हे सगळं पथ्य म्हणून सांगितलं, तर पाळाल?"

साळुबाईने जरा विचार केला.

"पाळू की. पर आदी औषध द्या, डागदर. आन् कडू द्या. गोड औषधाचं पथ्य कोन पाळतंय?"