जालिंदरचं अक्षर

मलकापूरच्या जालिंदर पेंटरचं अक्षर म्हणजे पाय रोवून उभा पैलवान! जाडजूड, टोकाटोकाला टाच फुटलेलं, धावत्या एसटीतूनही वाचता येणारं. सांगलीचा प्रेसवाला गोमटेश एकदा कौतुकानं म्हणाला, "तात्या, आख्खी बाराखडी लिहून द्या की. कॉम्प्युटरात घालतो, तुमचं अक्षर अमर होईल." जालिंदरनं जीव ओतून लिहून दिली.

दोन-तीन वर्षांत लग्नपत्रिकांपासून रेडियमच्या पाट्यांपर्यंत सगळीकडं तेच अक्षर झळकलं, आणि जालिंदरचे ब्रश वाळून कडक झाले. बऱ्याच महिन्यांनी एक किराणावाला पाटी रंगवून घ्यायला आला. जालिंदरनं हौसेनं पहिली ओळ काढली. गिऱ्हाईक बघतच राहिलं.



"हात लय चांगला हाय तात्या, पण कॉम्प्युटरची नक्कल कशाला करताय? स्वतःचं काढा की कायतरी."