नववी जागा

पेवात सोडलेला कंदील तिसऱ्यांदा विझून वर आला, आणि जिनपालआण्णांच्या नव्याकोऱ्या कोटाच्या आत घामाची धार लागली.

इराणशी व्यापार वाढवायला सरकार कमिशन नेमणार होतं. आठ नावं पक्की झालेली. नववी जागा हळदवाल्याची, आणि तिच्यावर आण्णांसारखाच गावातल्या नानासोंचाही डोळा. साहेब कागद घेऊन मोटारीनं थेट हरिपुरात आलेले, आणि त्यांना चारची गाडी गाठायची. ज्याची हळद नमुना म्हणून आज त्यांच्याबरोबर जाईल, त्याचं नाव कागदावर चढणार. आण्णांनी पेढे तेवढे वाटायचे ठेवले होते.

हळद होती जमिनीच्या पोटातल्या कोठारात, आणि ते पेव तीन वर्षांनी आजच सकाळी उघडलेलं. आतली कोंडलेली हवा कंदील विझवते, तशीच उभ्या माणसालाही हूं का चूं करू न देता मारते.

"वाऱ्यानं विझला असेल," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "माणूस उतरवा."

पेवात उतरणाऱ्या कोंडीबानं मुकाट कमरेला दोर बांधला. "जाऊ का, आण्णा? दम धरतो आन् मूठभर घिऊन येतो."

आण्णांनी पेवाभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. कागदावरची रिकामी ओळ त्यांना तिथनंसुद्धा दिसत होती.

"साहेब, सांजंपत्तुर थांबा की. आत जरा वारं खेळू द्या."

"इराणवाले तुमच्या वाऱ्यासाठी थांबणार आहेत का?"

"मग आसं करा," आण्णांच्या तोंडून निसटलं, "आठ मेंबर हायत न्हवं? त्यातला एक उतरवा. सातांवर भागंल कमिशनाचं."

कोंडीबा फस्सकन हसला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, मोटारीत बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "नानासोंच्या पेवांकडे घ्या."

कोंडीबाचं हसू जागीच जिरलं. "आण्णा, नानासोंचं पेव बी आजच उघडलंय, आन् तिथं आमचा गुंडा उतरतोय. धाकला भाऊ माझा."

आणि साहेबाला नाही म्हणेल, तर तो नानासो कसला!

कोंडीबा सुटला, कमरेचा दोर धुळीत फरफटत. त्याच्यामागं साठीतले आण्णा, धोतराचा सोगा हातात धरून. "थांबा! ओ साहेब, थांबा!"

रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसलेल्या गाडीवानांनी माना वळवल्या.

"बघ रं गड्या," त्यातला एक म्हणाला, "सरकारी खुर्चीपायी म्हातारा कसा पळतोय!"