मुऱ्हाळी

या माउली, जवळ सरका. गोष्ट लहानशीच आहे, पण ऐकताना काळीज सांभाळा.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सकाळ होती. यंत्रमाग कामगारांच्या गोडादरा वस्तीतल्या खोलीत पूजा पुरण वाटायचं सोडून बापाशी भांडत होती. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. तिला आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. पण पूजाची मोठी बहीण मनीषा पळून जाऊन परजातीतल्या कुंदनची बायको झाली, तेव्हापासून या घरातून तिच्याकडे मुऱ्हाळी गेला नव्हता.

"आबा, तुमच्यासारख्या हट्टी माणसांसाठी इंग्रजीच्या क्लासात तीन शब्द शिकवलेत. स्टबर्न, ऑब्स्टिनेट, अ‍ॅडमंट."

"त्यातला बरा कोणता?" निंबाआबांनी विचारलं.

"एकही नाही!"

"मास्तरला म्हण, अजून एक शोध," माय गॅसजवळून बोलली. "हा माणूस तिनात मावत नाही." ती हसली आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

आबांनी चपला घातल्या. "लूमवर चाललो," म्हणाले. दर आखाजीला असेच निघून जायचे.

मग पूजाच उठली. बापाला जमत नाही तर मी होते मुऱ्हाळी! रिक्षा बदलत बदलत ती इच्छापोरला पोचली.

मनीषाच्या बंद दारासमोर, भर उन्हात, आबा उभे होते. हातात आंब्यांची पिशवी.

पूजाला आनंदानं रडू फुटलं. विरघळला एकदाचा बाप! ती धावत गेली, तर ओट्यावर बसलेला कुंदन खाली मान घालून म्हणाला, "पापाजी तो हर साल आते हैं, पूजा. मनीषा ही दरवाजा नहीं खोलती."

पूजानं दारावर थाप मारली. "ताई, मी आलेय. उघड ना गं!"

आतून मनीषाचा आवाज आला. शांत, कोरडा.

"मी पळून गेले त्या साली आबांनी आखाजीला पितरांच्या घागरीशेजारी माझ्या नावाची घागर भरली. मी जिवंत असताना. मेलेली लेक माहेरी येत नसते, पूजा."

पूजानं आबांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. सकाळचे तिन्ही शब्द तिच्या जिभेवर होते, पण ते कुणाला लावावेत ते तिला कळेना.

आबांनी आंबे उंबऱ्यावर ठेवले आणि वळले.

"मायला का नाही सांगितलं हो, आबा? ती तर तुम्हालाच बोल लावते!"

"लावू दे," आबा म्हणाले. "बाप आणत नाही, एवढं तिला सोसतं. लेकच येत नाही, हे नाही सोसायचं."

माउली, सणाचं ताट वाढाल तेव्हा त्या दाराबाहेरच्या बापाची आठवण ठेवा. आणि जमलं तर, दाराआडच्या लेकीचीही.