तार काढायची वेळ

मुलगा पसंतच होता. लेकीसोबत त्याचं घर बघायला आलेल्या सुनीतीबाईंना धास्ती होती ती त्याच्या आईची. चेहऱ्यावरून बाई भारीच कडक वाटत होत्या. गॅलरीत उंबराचा बोन्साय दिसला, तशा सुनीतीबाई पोह्यांची बशी घेऊनच तिकडे सटकल्या.

त्यांच्याही घरी अशा कुंड्यांची रांग होती. सवयीने त्यांनी फांदीवरून बोट फिरवलं. बाक झकास होता, पण त्यासाठी फांदीला गुंडाळतात ती तार रुतल्याची एकही खूण नव्हती.

"फांदीने आकार धरला की मी लगेच तार काढते," मागून मुलाच्या आई म्हणाल्या. "उशीर केला तर जन्माचा वळ राहतो हो."

जिना उतरताना सुनीतीबाईंनी लेकीचा दंड घट्ट धरला. "डोळे मिटून हो म्हण. तार कधी काढायची ते या बाईंना कळतं!"

लेक हसली आणि दंडात रुतलेली आईची बोटं एकेक करून सोडवू लागली.